अहोंच्या पॅडलचे 13,407 रुपये

आधी एक सांगून टाकते. मी भोळीभाबडी बाई नाही. ठाण्यात एका सीएंच्या ऑफिसात 22 वर्षं लोकांची बिलं आणि व्हाउचरं तपासतेय. खोटं बिल वासावरून ओळखते असा माझा लौकिक होता. होता! वीज कापणार, केवायसी संपलं, पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, असले सगळे फोन मला येऊन गेलेत आणि प्रत्येकाला मी चांगलं झापलंय. तरीही 13,407 रुपये घालवून बसले. तेही नवऱ्याच्या वाढदिवसाच्या भेटीपायी.

यांना दीड वर्षापूर्वी पिकलबॉलचं वेड लागलं, म्हणजे पॅडल नावाच्या छोट्या बॅटने भोकाभोकांचा प्लास्टिकचा चेंडू नेटपलीकडे मारायचा तो खेळ. सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टवर पिवळ्या रंगाने नव्या रेषा मारल्या आणि पन्नाशी-साठीतली सहा-सात मंडळी पहाटे सहापासून टाक-टुक सुरू. 1965 साली अमेरिकेत बेनब्रिज नावाच्या बेटावर हा खेळ सुरू झाला, आपल्याकडे तो सुनील वालावलकरांनी आणला, हे मी चहाच्या कपासमोर निदान वीसदा ऐकलंय. नेटजवळच्या 7 फुटी पट्ट्याला किचन म्हणतात आणि तिथे उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही. "घरच्या किचनमध्ये तरी कुठे काय करता," असं मी म्हटलं होतं, तर त्यावर दोन दिवस रुसवा.

सांगायचा मुद्दा, हे अजून मित्राने दिलेल्या जुन्या लाकडी पॅडलने खेळत होते. 14 तारखेला 58 पूर्ण होणार. म्हटलं, या खेपेला शर्टपीस नको, चांगलं पॅडल देऊ. आणि सरप्राइज देऊ.

या सरप्राइजनेच माझा घात केला. सरप्राइज म्हणजे काय, तर जी वस्तू आपल्याला कळत नाही ती घ्यायची आणि ज्या एका माणसाला कळते त्यालाच विचारायचं नाही. शिवाय तारीख ठरलेली. लुटणाऱ्याला आणखी काय हवं? दोन संध्याकाळी मी मोबाइलवर पिकलबॉल खेळणाऱ्या पुरुषांना काय भेट द्यावी हे शोधलं आणि तिसऱ्या दिवशी जाहिरात आपणहून माझ्यासमोर हजर. पांढऱ्या केसांचे एक काका वेताच्या खुर्चीत बसून खोका उघडतात, आतलं पॅडल बघून त्यांचे डोळे भरून येतात. माझेही आले, काय सांगू.

इतरत्र 22,999 ला दिसणारं नामवंत ब्रँडचं पॅडल इथे 11,499 ला. (ब्रँडचं नाव लिहीत नाही, त्या बिचाऱ्यांचा यात काही दोष नाही.) निम्मी किंमत बघून सावध व्हायला हवं होतं, हे मला पुढे सगळ्यांनी सांगितलं. अहो, सेलमध्ये निम्म्या किमतीत आपण साड्या घेतो, मिक्सर घेतो. तेव्हा कुणी म्हणत नाही.

चॅटवरचा मुलगा तर इतका अदबशीर! सर पॉवरने खेळतात की कंट्रोलने, 14 एमएम हवं की 16 एमएम, ग्रिप किती इंचाची, सगळं विचारलं. जाड पॅडलवर ताबा जास्त, पातळावर जोर जास्त, हेही समजावून सांगितलं. आणि ते खरंच आहे, मी नंतर पडताळलं. चोराला मालाची माहिती दुकानदारापेक्षा जास्त असते हे लिहून ठेवा. मग गोड आवाजात व्हॉइस मेसेज, "गिफ्ट आहे का मॅम? कितवा वाढदिवस?" मी तारखेसकट सांगून मोकळी. त्यानंतर प्रत्येक वाक्यात 14 तारीख. आज पेमेंट केलं तरच 14 च्या आत पोचेल, मॅम.

हिशेब असा. आधी पैसे भरले तर 10 टक्के सूट, म्हणजे 10,349. मुठीच्या वर नाव कोरायचे 499. गिफ्ट पॅकिंगचे 199. एकूण 11,047. काय कोरायचं विचारल्यावर मी लिहिलं, 'अहो'. आमच्या घरातला विनोद आहे तो, इथे उलगडून सांगत बसत नाही.

आता ते. ज्याच्यासाठी मला रात्री तीनला जाग येते.

4 तारीख, मंगळवार, दुपारी डबा खाऊन झाल्यावर. क्यूआर स्कॅन केला, रक्कम टाकली. पिन टाकायच्या आधी यूपीआय पैसे घेणाऱ्याचं नाव दाखवतं. तिथे दुकानाचं नाव नव्हतं. एका माणसाचं नाव होतं, सरळसाधं नाव आणि आडनाव. मी ते वाचलं. वाचलं नाही असं नाही. अंगठा थांबलासुद्धा. चॅटवर लिहिलं, "नाव वेगळं दिसतंय." एका मिनिटात उत्तर, "अकाउंट्स हेडचं नाव आहे मॅम, नवीन खातं आहे, बँकेत अपडेट व्हायचंय."

22 वर्षं! बिलावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळत नाही म्हणून मी लाख-लाखाची व्हाउचरं परत पाठवली आहेत. पार्टनरसाहेबांशी भांडून पाठवली आहेत. ऑफिसातल्या नव्या मुलींना पहिल्या दिवशी मी हेच शिकवते. त्याच टेबलावर बसून, तोच चष्मा लावून मी पिन टाकला. का? 14 तारीख जवळ आली म्हणून. आणि तो मुलगा मला 'मॅम' म्हणत होता म्हणून.

पैसे गेल्यावर बिल आलं. तळाला जीएसटी नंबर, सुरुवात 07. पत्ता अंधेरीचा. अहो, महाराष्ट्राचा कोड 27, 07 म्हणजे दिल्ली, हे मी झोपेत सांगेन! जीएसटीच्या सरकारी साइटवर नंबर टाकला की मालकाचं नाव निघतं, एका मिनिटाचं काम. पण बिल कोण बघतंय? मी 'ऑर्डर कन्फर्म' वाचून सुपारी तोंडात टाकली. भाच्याने नंतर तपासलं, तर साइट 19 दिवसांपूर्वी नोंदवलेली निघाली.

6 तारखेला मेसेज, माल परदेशातून येतोय, कस्टमचं डिपॉझिट 2,360, डिलिव्हरीनंतर परत. दोन हजारांवर 18 टक्के जीएसटी म्हणजे बरोबर 2,360. आकडा जुळला म्हणून माझ्या मनाला बरं वाटलं! हिशेबनिसाला फसवायचं तर हिशेब जुळवून फसवायचं. विकत घेतलेल्या वस्तूचं डिपॉझिट कधी कुणाच्या खासगी खात्यात भरायचं असतं का? नसतं. भरू नका. मी भरलं.

11 तारखेला पार्सल आलं. चकचकीत निळा कागद, वर सोनेरी रिबन. उघडून कसं बघणार? सरप्राइज ना! उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा हे मलाही माहीत होतं, पण 199 रुपये मोजून मीच माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली होती. 4 ला दिलेले पैसे आणि 14 ला उघडलेला खोका, मधले दहा दिवस चोराला फुकट. आता मला वाटतं, ते पॅकिंग त्याचसाठी होतं. भेटवस्तू पॅक करून मागवू नका. कागद आणायला कोपऱ्यावर दुकान आहे.

14 ला सकाळी कोर्टवरच, सगळ्या मित्रमंडळींसमोर, ह्यांनी ते उघडलं. माझीच हौस. पहिल्यांदा सगळे "वा वा" म्हणाले. मग त्यांच्यातले एक गृहस्थ, पूर्वी टेबल टेनिस खेळलेले, त्यांनी पॅडल हातात घेतलं, बोटाने ठोकलं आणि गप्प झाले. वरचं कार्बन फायबर म्हणजे छापील स्टिकर. कडेला नख लावलं तर सायीसारखं सुटून आलं, खाली प्लायवूड. चांगल्या पॅडलच्या पोटात प्लास्टिकची मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, वजन साधारण 8 औंस म्हणजे 227 ग्रॅमच्या आसपास. हे मी घरी पोह्यांच्या वजनकाट्यावर ठेवलं, 331. ह्यांचं जुनं लाकडी पॅडल याच्याहून बरं होतं. 'यूएसए पिकलबॉल अप्रूव्ड' असा शिक्का मात्र ठळक. शिक्का कुणीही छापतो, त्या संस्थेची मंजूर पॅडलांची यादी इंटरनेटवर आहे, मॉडेलचं नाव त्यात शोधा आणि माल ब्रँडच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या.

आणि मुठीवर कोरलेलं? कोरलेलं नव्हतंच, ती चिकटपट्टी. तीवर एक मात्रा गळून 'अहा' असं आलेलं. 499 रुपयांत अहा!

हे काही बोलले नाहीत. "छान आहे, भिंतीवर लावू," म्हणाले. ओरडले असते तर परवडलं असतं.

चॅटवाल्याने तोवर मला ब्लॉक केलं होतं. त्याच दुपारी 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला, तक्रार नोंदली गेली, पण पैसे जाऊन दहा दिवस झालेले. पहिल्या तास-दोन तासांत कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येते. तेव्हा लाज वाटली तरी आधी 1930, मग रडणं. माझ्यासारखं उलटं करू नका.

मग सुरू झाली वरात. बँकेत गेले. तिथला साहेब स्क्रीनवरून मान वर न करता म्हणाला, "पिन तुम्हीच टाकलात ना? मग हा ऑथराइज्ड व्यवहार." मी म्हटलं, रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक आहे, ग्राहकाची जबाबदारी मर्यादित असते. म्हणाला, "ते तुमच्या नकळत पैसे गेले तर." त्याचं बरोबर आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून आणखीच संताप आला. पण ज्याच्या खात्यात गेले ते खातं कुणीतरी, कुठल्यातरी बँकेने, कागदपत्रं बघूनच उघडलंय ना? मला पासबुक अपडेट करायला आधार, पॅन, फोटो मागता आणि त्या खात्याचा प्रश्न आला की "ती माहिती देता येत नाही, मॅडम."

पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर. ड्युटीवरच्या हवालदारांनी पॅडल उलटसुलट करून बघितलं.

"वस्तू मिळाली ना, ताई?"

"ही ती वस्तू नाही."

"मिळाली म्हणजे मिळाली. ही कन्झ्युमरची केस."

मग विचारलं, "हे नक्की कशाचं आहे? टेबल टेनिसचं?" मी खेळ समजावून सांगितला. मागचे दोघे हसले. 13 हजारांसाठी इतका खटाटोप कशाला, इथे लोकांचे चाळीस-चाळीस लाख जातात, असंही ऐकवलं. म्हणजे मी आणखी मोठी मूर्ख असते तर बसायला खुर्ची मिळाली असती! पोच हवी म्हटलं तर साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, साहेब मीटिंगला. तिसऱ्यांदा अर्धी रजा टाकून गेले तेव्हा अर्जावर शिक्का मिळाला, तोही तारखेशिवाय. तारीख मी मागून घेतली. ग्राहक तक्रारीच्या फोनवरची मुलगी म्हणाली, असा विक्रेता सापडत नाही, हे सायबरचं प्रकरण. सायबर म्हणे कन्झ्युमर, कन्झ्युमर म्हणे सायबर. ह्यांचा तो भोकाभोकांचा पिवळा चेंडूसुद्धा इतका इकडून तिकडे जात नसेल. 2020 चे ई-कॉमर्सचे नियम आहेत, साइटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव हवं, 48 तासांत पोच हवी. सगळं आहे, छान आहे. फक्त ज्याने दुकानच खोटं मांडलंय त्याला ते कोण वाचून दाखवणार? कुरियरवाल्यांनी तर पाठवणाऱ्याचा पत्ता "प्रायव्हसी" म्हणून द्यायला नकार दिला. चोराची प्रायव्हसी!

ज्यांना कुणाला असं काही द्यायचंय, त्यांनी सरळ त्या माणसाला दुकानात घेऊन जा आणि मुठीत धरून बघू दे. सरप्राइजच हवं तर चेंडू द्या, बाहेर खेळणाऱ्यांना 40 भोकांचे, आत खेळणाऱ्यांना 26 वाले. मुठीवर गुंडाळायची ओव्हरग्रिप द्या, ती सतत लागते. कोर्टचे बूट द्या, माप चपलेवरून मिळतं. खेळताना डोळ्यांना चेंडू लागू नये म्हणून घालायचा चष्मा द्या. आणि त्यांच्या एखाद्या मित्राला गुपचूप विचारा. मित्र एवढं गुपित ठेवतात.

तीन महिने झाले. 'आपली तक्रार प्रक्रियेत आहे' असा मेसेज दोनदा आला. काल रात्री भाजी निवडताना मोबाइल उघडला तर तेच पांढऱ्या केसांचे काका, तीच वेताची खुर्ची, तेच भरून आलेले डोळे. दुकानाचं नाव वेगळं, किंमत 10,999. मी लगेच जाहिरातीवर रिपोर्टचं बटण दाबलं, फसवणूक असं कारण निवडलं, सविस्तर लिहिलं. आज सकाळी उत्तर आलं की या जाहिरातीत त्यांच्या नियमांचा कुठलाही भंग आढळला नाही.