खालची कवळी: साधी की दोन इम्प्लांटवरची?

आईचे सगळे दात गेलेत, खालची कवळी कोणती करावी, असं मैत्रिणीनं विचारलंय.

साधी बरीच स्वस्त, शस्त्रक्रिया नाही. पण वरच्या कवळीला टाळूचा आधार मिळतो. खाली जीभ हलते, हाड झिजत जातं, कवळी उचलली जाते. भाकरी तिथंच अडते.

दुसरी जबड्याच्या हाडात बसवलेल्या दोन स्क्रूंवर, म्हणजे इम्प्लांटवर, टिचबटणासारखी घट्ट बसते. ब्रोनेमार्क या संशोधक डॉक्टरांनी १९६५ मध्ये स्वीडनमध्ये रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले, तिथून ही वाट खुली झाली. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानला. मात्र खर्च मोठा, आणि स्क्रू हाडात रुजायला काही महिने जातात.

रात्री काढून घासायच्या दोन्ही.

मधुमेह आटोक्यात नसेल किंवा पैसे कमी असतील, तर साधी. तब्येत धड असेल आणि जेवणच सुटत चाललं असेल, तर इम्प्लांटवरची, तीही प्रोस्थोडॉन्टिस्टकडून, म्हणजे कृत्रिम दातांच्या तज्ज्ञ दंतवैद्याकडून.