पिलाटीस की अजिंक्यताऱ्याची चढण?

साताऱ्यातल्या आमच्या एका वहिनींचा प्रश्न: चाळिशी ओलांडली, दिवसभर खुर्चीत बसून कंबर धरते, पिलाटीस, म्हणजे पोट-पाठीच्या स्नायूंचा सावकाश व्यायाम, लावू की रोज पहाटे अजिंक्यतारा किल्ला चढू?

खर्चात किल्ला केव्हाही स्वस्त, चांगले बूट घेतले की झालं. चटईवरच्या पिलाटीसला सुरुवातीला शिकवणारा हवाच, म्हणजे फी आली. रिफॉर्मर, म्हणजे स्प्रिंगा लावलेल्या सरकत्या पाटाच्या यंत्रावरचे वर्ग आणखी महाग.

कंबरेसाठी मात्र माझा कौल पिलाटीसलाच. जोसेफ पिलाटीस या जर्मन माणसाने पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या छावणीत स्थानबद्ध असताना ही पद्धत घडवायला घेतली. पोटाचे खोल स्नायू, ओटीपोटाचा तळ आणि पाठ यांना श्वासाच्या लयीत, सावकाश कामाला लावायचं, हा तिचा गाभा. घाईतल्या पन्नास आवर्तनांपेक्षा नेमकी दहा मोलाची. गुडघ्यांवर भारही कमी येतो. गड उतरताना तो चांगलाच जाणवतो.

दम वाढवायला आणि हृदयासाठी चढणच बरी.

बैठं काम, जुनी कंबरदुखी किंवा बाळंतपणानंतर सैल पडलेलं पोट असेल, तर डॉक्टरांना विचारून पिलाटीस. गुडघे धड आहेत पण जिना चढताना धाप लागते, तर किल्ला. वहिनींनी आधी वर्ग लावावा. कंबर सावरली की रविवारी गड.