फ्लॅटचा भाव करण्याआधी इंडेक्स टू पाहा : नोंदणी विभागाच्या मोफत ई-सर्चचा आढावा

'याच सोसायटीत गेल्या महिन्यात एक कोटी दोनला गेला.' ब्रोकरचं हे वाक्य खरं की थाप, हे पुण्यात घरबसल्या आणि फुकट तपासता येतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरच्या ई-सर्च सेवेत नोंदलेल्या दस्ताचा सारांश, म्हणजे इंडेक्स टू, पाहता येतो. ती प्रामुख्याने वापरतात ते टायटल म्हणजे मालकी हक्क तपासणारे वकील. पण रीसेल फ्लॅटची घासाघीस करायला याहून चांगलं हत्यार नाही. फक्त ते वाचता यायला हवं.

मोफत शोधात मुंबई सोडून 'उर्वरित महाराष्ट्र' निवडा. मग वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक भरा. सर्वांत मोठी अडचण इथेच येते, कारण सोसायटीच्या नावाने शोध होत नाही. सर्व्हे नंबर लागतो, पेठांमध्ये सिटी सर्व्हे नंबर. तो महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या) प्रकल्प पानावर किंवा मालकाकडच्या इंडेक्स टूवर सापडतो. तालुक्यातही गल्लत होते: बाणेर, खराडी हवेलीत, पण हिंजवडी, माण मुळशीत. आधी हिस्सा (सर्व्हे नंबरपुढचा पोटक्रमांक) न घालता नुसता नंबर टाकून पाहा. शोध एका वेळी एकाच वर्षाचा होतो, म्हणून चालू आणि मागचं अशी दोन्ही वर्षं काढा.

यादी आली की निम्मी गर्दी लिव्ह अँड लायसन्सची, ती सोडून द्या. बक्षीसपत्र आणि हक्कसोडपत्रातून भाव कळत नाही. करारनामा आणि खरेदीखत, एवढेच आपल्या कामाचे. मात्र एकाच फ्लॅटचं आधी साठेखत (विक्रीचा करारनामा) आणि नंतर खरेदीखत असेल तर तो व्यवहार एकदाच धरा. बिल्डरने करून दिलेले करारनामेही बाजूला ठेवा, ते बांधकाम चालू असतानाच्या भावाचे असतात.

आता दस्ताचा इंडेक्स टू उघडा. कलम २ मध्ये मोबदला, म्हणजे कागदावरची किंमत. कलम ३ मध्ये बाजारभाव, तो रेडी रेकनरवरून, म्हणजे सरकारी दरपत्रकावरून काढलेला. ४ मध्ये फ्लॅट नंबर, मजला, पार्किंग. ५ मध्ये क्षेत्रफळ. ९ आणि १० मध्ये तारखा. क्षेत्रफळ कारपेट (घरातलं वापरायचं) की बिल्टअप (भिंती वगैरे धरून), हे वर्णनात शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका, बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. समजा, मोबदला ८४ लाख आणि कारपेट ६८.५ चौरस मीटर. १०.७६४ ने गुणलं की ७३७ चौरस फूट, म्हणजे फुटामागे दर साधारण ११,३९०. समोरचा तेवढ्याच फ्लॅटचे ९८ लाख मागतोय, म्हणजे १३,२९०. फुटामागे १,९०० रुपयांचा फरक कशाचा, हे त्याने सांगायचं. वरचा मजला, झाकलेलं पार्किंग, नवं किचन यांचे पैसे मान्य करा. 'एरियाला डिमांड आहे' याचे करू नका. तीन दस्त ११,२०० ते ११,७०० मध्ये बसले तर पहिली ऑफर ८२-८३ लाखांची आणि थांबायची जागा ८६ च्या आसपास.

पण मोबदल्याचा आकडा वेदवाक्य मानू नका. एखाद्या इमारतीत दस्तामागून दस्त मोबदला नेमका बाजारभावाला चिकटून असेल, तर उरलेली रक्कम रोखीत फिरली असण्याची शंका घ्यावी. अशा सोसायटीत हे आकडे भाव ठरवायला कुचकामी. आणि मालक तुमच्याकडेही 'थोडे कॅश' मागू लागला तर नकार द्या. स्थावर मिळकतीत २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तितकाच दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. शिवाय रोखीचा भाग कर्जात धरला जात नाही, तो तुम्हालाच खिशातून उभा करावा लागतो.

बाजारभावाच्या खालीही बेफिकीर उतरू नका. मुद्रांक शुल्क मोबदला आणि बाजारभाव यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. पुणे महापालिका हद्दीत ७ टक्के, खरेदीदार फक्त महिला असेल तर ६. नोंदणी फी वेगळी, जास्तीत जास्त ३०,०००. त्या रेषेखाली भाव पाडून शुल्क वाचत नाही, आणि फरक १० टक्क्यांहून जास्त झाला तर तो तुमचं उत्पन्न धरून त्यावर आयकर लागू शकतो.

कागद ब्रोकरपुढे आपटू नका. त्याचं कमिशन किमतीच्या टक्क्यावर असतं, भाव पडावा असं त्याला कशाला वाटेल? मालकाशी थेट बसा आणि 'बी विंगमधला चौथ्या मजल्याचा गेला तो ११,३९० ने,' एवढंच शांतपणे बोला. त्याच सर्व्हे नंबरवर त्याच्या फ्लॅटची 'नोटीस ऑफ इंटिमेशन' दिसली तर बँकेकडे गहाण असण्याची शक्यता आहे. मग टोकन देण्याआधी बँकेचं फोरक्लोजर पत्र, म्हणजे कर्ज पुरतं फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारं पत्र, मागा. कर्ज फेडायची घाई असलेला मालक भावातही लवचीक असतो.

ई-सर्चला पाचपैकी चार गुण. एक कापला तो सोसायटीच्या नावाने शोध नाही म्हणून. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात मात्र ई-सर्चवर विसंबू नका. तिथे महारेराच्या पानावर किती फ्लॅट बुक झाले आणि ताबा कधीचा लिहिलाय ते पाहा. ताबा तोंडावर आलाय आणि निम्मे फ्लॅट पडून आहेत, असं दिसलं तर पार्किंग आणि क्लबहाऊसच्या नावाखाली लावलेल्या रकमांपासून घासाघीस सुरू करा.