घाण्याचे तेल आणि शुक्रवारचे टिपण: १४ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कराडजवळच्या आमच्या गावात आम्ही लाकडी घाण्यावर शेंगदाण्याचे आणि करडईचे तेल काढतो. घाणा एकच आहे, तो विजेवर फिरतो आणि घरातली तीन माणसे व एक कामगार मिळून सगळे काम उरकतात. पहिल्या वर्षी आमचे गिऱ्हाईक म्हणजे नातेवाईक, त्यांचे शेजारी आणि यात्रेच्या दिवसांत रस्त्यावर थांबणारे लोक, एवढेच होते. १४ महिन्यांपूर्वी आम्ही दोन गोष्टी एकत्र सुरू केल्या. एक म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे अ‍ॅप, आणि दुसरी म्हणजे दर शुक्रवारी तेलाविषयी एक माहितीपर टिपण. या दोन्हींचा उपयोग कुठे झाला आणि कुठे झाला नाही, हे माझ्यासारख्या छोट्या उत्पादकांना कळावे म्हणून सविस्तर लिहिते आहे.

टिपणांच्या आधीचा एक प्रकार सांगायला हवा. ऑनलाइन धंदा वाढवण्याच्या एका शिकवणीला आम्ही पैसे भरले होते. रोज तीन पोस्टर टाका, जितक्या ग्रुपमध्ये शिरता येईल तितक्यांत शिरा, असा तिथला सल्ला होता. आम्ही दीड महिना तो मनापासून पाळला. ओळखीच्या लोकांना न विचारता एका ग्रुपमध्ये घातले, सणासुदीला सवलतीची चित्रे पाठवली. त्या काळात नवे गिऱ्हाईक जवळजवळ आले नाही, उलट पुण्याच्या एका मावशींनी फोन करून सांगितले, "बाळा, तेल घेईन मी तुझे, पण ते रोजचे फोटो बंद कर." त्या रविवारी मी तो ग्रुप बंद केला आणि सगळ्यांची क्षमा मागणारा निरोप पाठवला.

आता अ‍ॅपविषयी. हे अ‍ॅप भारतात २०१८ मध्ये आले, ते मोफत आहे आणि साध्या स्मार्टफोनवर चालते. माझ्या मते त्यातली सर्वांत उपयोगी सोय म्हणजे लेबल, म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाला लावता येणारी खूण. कोणत्या घरात एक लीटर तेल किती दिवस पुरते हे दोन-तीन खेपांत कळते. त्याप्रमाणे मी गिऱ्हाइकांना लेबल लावते आणि तेल संपायच्या सुमारास एकदाच विचारते. ठरावीक प्रश्नांची उत्तरे साठवून ठेवता येतात, त्यामुळे संध्याकाळी पेंडवाले दारात उभे असतानाही भाव विचारणाऱ्याला ताटकळत राहावे लागत नाही. कॅटलॉग, म्हणजे अ‍ॅपमधली वस्तूंची यादी, मात्र आमच्याकडे फारसा कुणी उघडत नाही, कारण आमच्याकडे वस्तूच मोजक्या आहेत.

टिपण मी ब्रॉडकास्ट यादीने पाठवते, म्हणजे एकच निरोप अनेकांना वेगवेगळा जातो. या यादीचे दोन नियम आधीच माहीत असावेत. एका यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच निरोप पोहोचतो. म्हणून आम्ही बाटलीच्या चिठ्ठीवर एक ओळ छापली, "शुक्रवारचे टिपण हवे असल्यास हा क्रमांक जतन करावा." जो स्वतःहून क्रमांक जतन करतो तो टिपण वाचतोही, असा अनुभव आहे. आज आमच्या यादीत १९० घरे आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांनी किमान दोनदा तेल घेतले आहे.

टिपणांचे विषय मी स्वतः ठरवत नाही. घाण्याच्या खोलीत खिळ्याला एक वही टांगलेली आहे. फोनवर किंवा दारात कुणी काही विचारले की तो प्रश्न, विचारणाऱ्याच्याच शब्दांत, त्या वहीत उतरतो. "ताई, पुऱ्या तळताना तुमचं तेल फसफसतं, त्यात पाणी आहे का?" हा त्यातला पहिला प्रश्न. त्याच्या उत्तरासाठी मी एका कढईत आमचे आणि दुसऱ्या कढईत रिफाइंड तेल तापवले, दोन्हींत एकाच पिठाची पुरी सोडली आणि दोन्ही फोटो जोडून लिहिले, की गाळून घेतलेल्या पण शुद्धीकरण न केलेल्या तेलात फॉस्फोलिपिड नावाचे घटक उरतात, त्यांच्यामुळे फेस येतो. रिफाइंड करताना ते काढून टाकतात. पुढे हेही लिहिले, की शुद्धीकरण न केल्यामुळेच आमचे तेल लवकर धूर सोडते, म्हणून खूप वेळ मोठ्या आचेवर तळण करायचे असेल तर ते सोयीचे नाही. घरच्यांना ही शेवटची ओळ नको होती. पण त्या आठवड्यात टिपण वाचून ज्यांनी फोन केले, त्यांतल्या बऱ्याच जणांनी त्या ओळीचाच उल्लेख केला आणि फोडणीसाठी, चटणीसाठी म्हणून तेल मागवले.

सर्वांत जास्त पुढे पाठवले गेले ते भावाविषयीचे टिपण. दुकानातल्या पाकिटापेक्षा तुमचे तेल इतके महाग का, हा प्रश्न दर दोन दिवसांनी येत होता. त्या आठवड्याचा हिशेब मी जसाच्या तसा मांडला. एक लीटर तेलाला अडीच किलो दाणे लागले, १२० रुपये किलोने ३०० रुपये. दीड किलो पेंड निघाली, ती ४० रुपये किलोने गेली, म्हणजे ६० रुपये परत आले. मजुरी, वीज, बाटली, गाळण्याचे कापड आणि घाण्याच्या लाटेची (दाणे चिरडणाऱ्या लाकडी दांड्याची) झीज धरून ५५ रुपये. एकूण खर्च २९५ आणि आमचा भाव ३४०. लीटरमागे ४५ रुपये आम्हाला राहतात, हे उघड लिहिताना मला धास्ती होती. मात्र त्यानंतर भाव कमी करा असे म्हणणारे फोन जवळजवळ थांबले. त्याच टिपणात मी एक लीटर आणि एक किलो यांतला फरकही सांगितला होता. शेंगदाण्याचे एक लीटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरते, आणि दोन ठिकाणच्या भावांची तुलना करताना लोक हे विसरतात.

एक चूक माझ्याकडून झाली. तिसऱ्या महिन्यात घाईघाईत मी लिहिले, की घाण्याचे तेल कोलेस्टेरॉलमुक्त असते. आमच्या गिऱ्हाइकांत एक डॉक्टर आहेत. त्यांनी त्याच संध्याकाळी शांतपणे समजावले, की वनस्पतीपासून काढलेल्या कोणत्याच तेलात कोलेस्टेरॉल नसते, रिफाइंडमध्येही नसते, त्यामुळे हा आमच्या तेलाचा वेगळा गुण म्हणून सांगणे दिशाभूल करणारे आहे. पुढच्या शुक्रवारी मी दुरुस्तीचे टिपण लिहिले. अन्नपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांविषयीचे एफएसएसएआयचे (देशातल्या अन्नसुरक्षेवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचे) २०१८ चे नियमही तेव्हाच वाचून काढले. तेव्हापासून रोग, औषध, हृदय, सांधेदुखी यांविषयी आम्ही एक शब्दही लिहीत नाही. खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाने ते नियम वाचावेत, असे मला कळकळीने वाटते, कारण आरोग्याचे दावे करण्याचा मोह फार मोठा असतो आणि आपल्या शब्दावर विसंबून एखादा माणूस गोळ्या बंद करू शकतो.

सर्वांत अवघड टिपण अफ्लाटॉक्सिनवरचे होते. ओलसर राहिलेल्या दाण्यांना बुरशी लागते, त्या बुरशीतून हे विष तयार होते. अल्कली (क्षार) वापरून शुद्धीकरण केले की ते तेलातून निघून जाते, घाण्याच्या तेलात ती पायरीच नसते. म्हणजे आमच्यासारख्यांची सगळी भिस्त दाण्यांच्या निवडीवर आहे. हे लिहावे की नाही, यावर घरात दोन दिवस बोलणे झाले. सासरे म्हणाले, "खरं आहे ना? मग लिही." मी परातीत निवडून काढलेल्या सुरकुतलेल्या, काळपट, फुटक्या दाण्यांचा फोटो टाकला आणि आम्ही दाणे किती दिवस उन्हात वाळवतो, ओल कशी तपासतो, कोणते पोते परत पाठवतो, हे सांगितले. दोन गिऱ्हाइके गेली. त्यानंतरच्या महिन्यात मात्र पुण्यातल्या एका सोसायटीतून ११ घरांची एकत्र मागणी आली, आणि ती नोंदवणाऱ्या काकूंनी ते टिपण छापून सोसायटीच्या फलकावर लावले होते.

नेटवर्किंगविषयी थोडे. लिंक्डइनवर मी चार महिने लिहिले. तिथे कौतुक झाले, पण मागणी आली नाही. घरगुती तेलाचे गिऱ्हाईक निदान आम्हाला तरी तिथे सापडले नाही. खरा उपयोग झाला तो आमच्यासारख्याच इतर उत्पादकांच्या ओळखींचा. गूळ करणारे एक कुटुंब, हातसडीचा तांदूळ देणारे भोरच्या बाजूचे एक शेतकरी आणि मसाले कुटणारा एक बचत गट, अशा तिघांशी फेसबुकवरच्या प्रश्नोत्तरांतून ओळख झाली. आता पुण्याला जाणारी गाडी आम्ही वाटून घेतो, त्यामुळे वाहतुकीचा खर्च निम्म्यावर आला. एकमेकांची टिपणेही आम्ही पुढे पाठवतो, पण ज्याची वस्तू स्वतः घरी वापरली आहे त्याचेच, असे ठरले आहे.

या पद्धतीला वेळ लागतो, हा तिचा मोठा दोष. एका टिपणाला माझे चार-पाच तास जातात, आणि पहिले चार महिने विक्रीत काही फरक दिसला नाही. ज्यांच्या डोक्यावर या महिन्याच्या हप्त्याचे ओझे आहे, त्यांनी केवळ लिखाणावर विसंबू नये. बाजारात उभे राहून विकणे तेव्हा जास्त कामाचे. शिवाय मागणी वाढली तरी घाणा तेवढाच असतो. दिवाळीच्या आधी आम्हाला नव्या मागण्या नाकाराव्या लागल्या आणि तेल निवळायला लागणारे दोन-तीन दिवस कमी करायचे नाहीत, हेही ठरवावे लागले.

सध्या वहीत नऊ प्रश्न शिल्लक आहेत. या शुक्रवारी जवसाचे तेल आम्ही का काढत नाही, ते लिहायचे आहे. ते फार लवकर खवट होते, थंड जागी आणि उजेडापासून दूर ठेवावे लागते, आणि पुण्यापर्यंतच्या उन्हातल्या प्रवासात ते नीट राहील याची खात्री आम्हाला देता येत नाही.