लेबननची शातो मुसार: बऱ्याच महिन्यांच्या सोबतीनंतर

शातो मुसार या लेबनीज वाइनरीची लाल वाइन उघडली की पहिल्या घोटावर मत बनवू नका. गेल्या हिवाळ्यापासून ही वाइन आमच्या लंडनच्या घरात आहे. मुख्य लाल, मुख्य पांढरी आणि त्याच घराण्याच्या दोन स्वस्त वाइन अशा चारही मी निवांत प्यायले आहे. लाल वाइन उघडल्या उघडल्या एक असते, तीन-चार तासांनी दुसरी होते आणि दुसऱ्या संध्याकाळी बहुतेक वेळा सगळ्यांत छान लागते. मला ती मनापासून आवडते. पण प्रत्येकाला आवडेल असं मी म्हणणार नाही, आणि त्याचं कारण ती कुठे आणि कशी तयार होते यात आहे.

मुसारच्या द्राक्षबागा जिथे आहेत ते बेका खोरं लेबननच्या दोन डोंगररांगांमध्ये आहे. पश्चिमेला माउंट लेबनन, पूर्वेला अँटी-लेबनन आणि त्यापलीकडे सीरिया. मधली सपाट जमीन समुद्रसपाटीपासून साधारण 1000 मीटर उंचीवर आहे. लितानी नदी खोऱ्यातून दक्षिणेकडे वाहते. उन्हाळ्यात पावसाचा थेंब पडत नाही, दिवसभर कडक ऊन असतं, पण उंचीमुळे रात्री गार होतात. हिवाळ्यात डोंगरांवर बर्फ साचतं आणि ते वितळून जमिनीत मुरतं. दिवसाच्या उन्हाने द्राक्षात साखर भरते आणि रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकून राहतो. नकाशावर इतक्या दक्षिणेला असलेल्या प्रदेशातून अशी ताजी, जिभेला जाग आणणारी वाइन कशी येते, याचं उत्तर या उंचीत आहे.

माझं माहेर नाशिकचं, त्यामुळे द्राक्षबाग म्हटली की मला एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी आणि जानेवारीनंतरची तोडणी आठवते. आपल्याकडे वेल खऱ्या अर्थाने झोपतच नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटावा लागतो. बेकामध्ये थंडीत वेल पानं गाळून निजतो, छाटणी एकदाच होते आणि तोडणी ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत चालते. वेलाला मिळालेली ती लांब विश्रांती वाइनमध्ये कळते, असं माझं मत आहे.

या खोऱ्यात वाइन नवी नाही. बालबेकला रोमन काळातलं बॅकसचं देऊळ उभं आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं, आणि इतक्या चांगल्या अवस्थेत टिकलेली रोमन देवळं जगात फार थोडी आहेत. वाइनच्या देवाचं एवढं भव्य मंदिर याच खोऱ्यात बांधलं गेलं. त्याच्याही आधी फिनिशियन व्यापारी किनाऱ्यावरून मातीच्या घड्यांत वाइन भरून भूमध्य समुद्रभर नेत. आजच्या उद्योगाची सुरुवात मात्र 1857 ची: जेझुइट पाद्र्यांनी क्सारा इथे द्राक्षं लावली. शातो क्सारा आजही चालू आहे आणि तिथल्या रोमन काळातल्या भुयारांत आजही वाइन ठेवतात. 1868 मध्ये श्तूरा इथे दोमेन दे तूरेल सुरू झालं. मुसार या सगळ्यांत तसं तरुण. 1930 मध्ये गॅस्टन होशार यांनी ते सुरू केलं, तेही बेकात न करता बैरुतच्या उत्तरेला, समुद्राकडे बघणाऱ्या गाझीर गावातल्या जुन्या वाड्यात.

म्हणजे बागा खोऱ्यात आणि तळघर डोंगराच्या पलीकडे. तोडणी झाली की द्राक्षं ट्रकमध्ये भरून घाट ओलांडून गाझीरला न्यायची. शांततेच्या काळात हा काही तासांचा प्रवास आहे. 1975 ते 1990 या यादवीच्या काळात मात्र याच रस्त्यावर नाकेबंदी, तोफा आणि एकमेकांशी लढणाऱ्या टोळ्या होत्या. गॅस्टन यांचे थोरले चिरंजीव सर्ज होशार 1959 पासून वाइन बनवत होते. फ्रान्समधल्या बोर्दोला शिकून आलेल्या या माणसाने युद्धातही तोडणी थांबवली नाही. 1976 मध्ये वाइन झालीच नाही. 1984 मध्ये ट्रक दिवसेंदिवस अडकून पडले आणि द्राक्षं वाटेतच आंबायला लागली. एवढी दोन सालं सोडली तर युद्धातल्या प्रत्येक वर्षी मुसारची वाइन तयार झाली. हे वाचल्यावर मी ती बाटली हातात घेतली तेव्हा मला फार आदर वाटला आणि अजून वाटतो.

देशात गिऱ्हाईक उरलं नाही म्हणून सर्ज बाटल्या घेऊन परदेशी निघाले. 1979 मध्ये ब्रिस्टलच्या वाइन मेळ्यात लिलावगृह क्रिस्टीजचे मायकेल ब्रॉडबेंट यांनी 1967 ची लाल चाखली आणि तिला मेळ्यातला सर्वांत मोठा शोध ठरवलं. इंग्लंडमधल्या दुकानांत आज मुसार सहज मिळते, त्याचं मूळ तिथे आहे. 1984 मध्ये ‘डिकँटर’ मासिकाने वर्षातली वाइन-व्यक्ती निवडण्याचा पायंडा सुरू केला, तेव्हा पहिला मान सर्ज यांना मिळाला. 2014 च्या शेवटच्या दिवशी मेक्सिकोत पोहताना त्यांचं निधन झालं. आता पुढची पिढी कारभार बघते.

आता लालबद्दल. तिच्यात तीन जातींची द्राक्षं असतात: कॅबरने सोव्हिन्यों, सँसो आणि कारिन्यान. प्रमाण दरवर्षी बदलतं. प्रत्येक जात सिमेंटच्या टाक्यांत वेगळी आंबवतात, बाहेरून यीस्ट घालत नाहीत. आपण इडलीचं पीठ भिजवून ठेवतो आणि ते आपल्या आपण फुगतं, तसंच इथे द्राक्षावरचं आणि तळघरातलं जंगली यीस्ट काम करतं. मग सुमारे वर्षभर फ्रेंच ओकची पिंपं, त्यानंतर मिश्रण, मग बाटली आणि बाटलीत आणखी काही वर्षं. दुकानात येईपर्यंत तोडणीला साधारण सात वर्षं झालेली असतात. सात वर्षं पैसे अडकवून थांबायची तयारी किती जणांची असते? वाइन टिकवण्यासाठी घालायचं गंधक अगदी कमी वापरतात आणि वाइन गाळून चकचकीत करत नाहीत, त्यामुळे तळाशी गाळ असतोच.

या पद्धतीचा परिणाम थेट नाकाला कळतो. मी 2016 आणि 2017 अशा दोन्ही सालांच्या प्यायले. बाटली उघडली की आधी टोकदार आंबूस वास येतो, काहींना तो चक्क नेलपॉलिशचा वाटतो. त्यामागे चामड्याचा, थोडासा तबेल्याचा वास. माझ्या यजमानांनी पहिल्यांदा ग्लास बाजूला सरकवला होता. तीन तासांनी तोच ग्लास परत घेतला, तेव्हा सुकलेलं अंजीर, आलुबुखार, दालचिनी, संत्र्याची साल असं एकेक उलगडत गेलं. तोंडात ती जड नाही. रंगही फिका, विटकरीकडे झुकणारा. ऑस्ट्रेलियाच्या गडद, गोडसर शिराझची सवय असेल तर ही पातळ वाटण्याचा धोका आहे. मला मात्र तिचा हलकेपणाच आवडतो, कारण दुसरा ग्लास घ्यावासा वाटतो आणि जेवण दबत नाही.

तंत्राच्या काटेकोर नजरेने पाहिलं तर तो आंबूसपणा आणि तो तबेला दोष आहेत, आणि तसं म्हणणारे जाणकार आहेत. मी त्यांच्याशी भांडणार नाही. एकाच सालाच्या दोन बाटल्याही हुबेहूब सारख्या लागत नाहीत. एकीत फळ पुढे, दुसरीत मसाला पुढे. दर वेळी ठरलेली चव हवी असेल त्यांनी इतके पैसे इथे घालू नयेत. इंग्लंडमध्ये मुख्य लालची किंमत तीस ते चाळीस पौंडांच्या घरात जाते, ती काही रोजची वाइन नव्हे.

2005 ची एक बाटली आम्ही एका मैत्रिणीच्या पन्नाशीला उघडली. आंबूस टोक पार विरघळलेलं, फळ मऊ झालेलं आणि चव किती तरी वेळ तोंडात रेंगाळणारी. इतक्या जुन्या वाइनचं बूच ठिसूळ असतं, म्हणून नेहमीच्या मळसूत्री स्क्रूऐवजी दोन पात्यांचं ओपनर वापरावं. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी म्हणजे गाळ खाली बसतो, आणि मग हळूहळू डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या भांड्यात, ओतावी. नव्या सालाची असेल तर जेवणाच्या चार तास आधी ओतून ठेवा. फार गरम खोलीत मात्र नको, 18 अंशांच्या आसपास ती छान बोलते.

पण मला खरं वेड लावलं ते पांढरीने. ओबेइदे आणि मरवाह ही लेबननची स्वतःची द्राक्षं. ओबेइदे अँटी-लेबननच्या उतारावर, मरवाह समुद्राकडच्या डोंगरावर, दोन्ही बेकाच्या तळापेक्षा उंच जागी. वेल जुने, कलम न केलेले, मांडव-तारांशिवाय झुडपासारखे जमिनीलगत वाढलेले. ओबेइदे म्हणजे शार्डोनेची आणि मरवाह म्हणजे सेमियोंची, या दोन फ्रेंच पांढऱ्या द्राक्षांची, पूर्वज, असं होशार कुटुंब सांगत आलं. ते असो वा नसो, चव मात्र तिसऱ्याच कुणाची आहे. रंग गडद सोनेरी. वास मधाचा, अक्रोडाचा, वाळलेल्या जर्दाळूचा, आणि तोंडात गेल्यावर अजिबात गोड नाही. वासाने गोड वाटणारी गोष्ट जिभेवर कोरडी आणि किंचित खारट निघते. अशी पांढरी वाइन मी दुसरी प्यायलेली नाही.

ही पांढरी फ्रिजमधून काढून लगेच प्यायलात तर पैसे वाया. गार असताना ती गप्प बसते. सर्ज स्वतः ती कोमटच्या जरा अलीकडे, 15 अंशांच्या आसपास देत, आणि तीही लालनंतर. मला हे आधी विचित्र वाटलं, पण करून पाहिल्यावर पटलं. लालनंतरही ती कमी पडत नाही. उघडलेली बाटली बूच लावून ठेवली तर चार-पाच दिवस ठीक राहते, उलट तिसऱ्या दिवशी मला ती जास्त आवडली.

जेवणाबरोबर काय? लेबनीज जेवण तर आहेच: कोळशावर भाजलेलं कोकरू, किब्बे (खिमा आणि दलियाचे गोळे), तूम या लसणाच्या चटणीबरोबर चिकन. आमच्या घरी कमी तिखटाचं, खोबरं-खसखस घातलेलं मटण सुकं आणि लाल मुसार ही जोडी पक्की झाली आहे. झणझणीत तांबडा रस्सा मात्र टाळा, मिरचीमुळे दारू अंगावर येते आणि नाजूक सगळं हरवतं. पांढरीबरोबर नारळाच्या दुधातलं पापलेट किंवा सुरमईचं सार सुंदर लागतं. ओल्या काजूच्या उसळीबरोबरही मी घेतली आहे आणि पाहुण्यांनी तिचीच चौकशी केली.

स्वस्त दोघींबद्दल थोडक्यात. मुसार झन ही तरुण, ओकशिवायची, पंधरा पौंडांच्या आसपासची. रविवारच्या जेवणाला छान, त्यापुढे फार विचार करायला लावत नाही. होशार पेर ए फिस ही मधली पायरी मात्र मला फार मोलाची वाटते. ती बेकातल्या एका बागेच्या द्राक्षांची, आणि तिच्यात थोरलीची ओळख आहे पण टोक कमी आहे. नवख्याने सुरुवात इथून करावी. ही आवडली तर मुख्य लालकडे जा. नाही आवडली तर तीस पौंड वाचले.

मुसारपाशीच थांबू नका हेही सांगते. क्साराने निव्वळ मरवाहची पांढरी काढली आहे. ती ताजी, लिंबाच्या अंगाची आहे आणि मुसारच्या पांढरीपेक्षा कितीतरी सोपी. तूरेलची जुन्या वेलांची सँसो तर मी कुणालाही डोळे झाकून देईन. यादवी संपली तेव्हा लेबननमध्ये मोजक्या वाइनरी होत्या, आता त्या डझनावारी आहेत, आणि हे सगळं 2019 चं आर्थिक संकट, 4 ऑगस्ट 2020 चा बैरुत बंदरातला स्फोट आणि 2024 च्या शरद ऋतूत ऐन तोडणीच्या वेळी बेकावर झालेले इस्रायली हवाई हल्ले सोसून. बँकेत अडकलेले पैसे, डिझेलची टंचाई, आयात करावी लागणारी बाटली आणि बूच: यातून जो माणूस दरवर्षी वेल छाटतो, त्याच्या मालाला मी आवर्जून पैसे मोजते. पण फक्त सहानुभूतीने घ्या असं म्हणत नाही. चवीच्या जोरावर ही वाइन उभी राहते.

लंडनच्या फ्लॅटमध्ये साठवायची असेल तर हीटरपासून लांब, उत्तरेकडच्या भिंतीच्या कपाटात, आडवी ठेवा. स्वयंपाकघरात नको. पुढच्या खरेदीत पांढरीच्या बाटल्या जास्त आणि होशारच्या काही. मुख्य लालची 2018 घेईन, पण 2030 पर्यंत तिला हात लावणार नाही.