विवाह नोंदणीच्या नावाखाली गळ्यात मारलेला बनावट दाखला

आमच्या पुतणीचे लग्न मे महिन्यात नवऱ्या मुलाच्या गावी, घरासमोरच्या मांडवात, दोन्ही घरांच्या रीतीप्रमाणे यथासांग पार पडले. राहिली ती फक्त नोंदणी. पुढे जावयांना परदेशात नोकरी लागली, पत्नीच्या व्हिसासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्राची निकड निर्माण झाली आणि नेमक्या त्या घाईत शहरातल्या एका सरकारी कार्यालयाबाहेर बसणाऱ्या एजंटाने दोघांना गाठले.

त्याचे म्हणणे असे होते, की लग्नाला नव्वद दिवस उलटून गेल्यामुळे गावाकडे आता नोंद होणारच नाही, लग्न लावणारे गुरुजी परगावचे असल्यामुळे त्यांची सही मिळणार नाही, आणि नोंद नसलेले लग्न कायद्याच्या दृष्टीने लग्नच नव्हे. यांतले एकही विधान खरे नव्हते. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम ७ नुसार वधू किंवा वराकडील रूढीप्रमाणे विधी झाले म्हणजे विवाह होतो, आणि सप्तपदीची रीत असेल तेथे सातवे पाऊल पडताच तो पूर्ण होतो. नोंद केली नाही म्हणून तो अवैध ठरत नाही, हे कलम ८ मध्येच लिहिलेले आहे. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणीविषयक अधिनियमाने नव्वद दिवसांची मुदत घातली आहे खरी, परंतु ती टळल्यास विलंब शुल्क भरून नोंद करता येते. गुरुजींनी तर फोन करताच सही करण्याची तयारी दाखवली.

एजंटाने अठरा हजार रुपये घेतले आणि ‘सल्ला शुल्क’ अशी पावती दिली. उद्या विचारणा झालीच, तर आपण दाखला विकला नसून सल्ला दिला, असे म्हणायला तो मोकळा! घरपोच आले ते सोनेरी किनारीचे, वर सिंहांसारखी मुद्रा छापलेले, कुठल्याशा विवाह संस्थेचे प्रमाणपत्र आणि त्यासोबत नोटरीचा शिक्का मारलेले विवाहाचे प्रतिज्ञापत्र. प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड स्कॅन केल्यावर त्या संस्थेचेच पान उघडत होते. तीन साक्षीदार आणि पुरोहित अशा चौघांच्या सह्या एकाच शाईच्या आणि एकाच तिरक्या वळणाच्या होत्या. त्यांतला एकही माणूस आमच्या ओळखीचा नव्हता.

परदेशी वापरासाठी कागदपत्रांचे शासकीय प्रमाणीकरण करून घ्यावे लागते. तेथील पहिल्याच खिडकीवर हे प्रमाणपत्र परत आले, कारण ते देणारी व्यक्ती विवाह निबंधक, म्हणजे विवाह नोंदवण्याचा सरकारी अधिकार असलेली व्यक्ती, नव्हती. नोटरीला विवाहाचा दस्त करून देण्याचा अधिकार नाही, हे केंद्रीय विधी मंत्रालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये लेखी स्पष्ट केलेले आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने आवश्यक विधी झालेलेच नसतील तर केवळ प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असेही सांगितले.

पैसे गेले त्याचे दुःख आहेच, पण त्याहून गंभीर गोष्ट त्या कागदावरच्या मजकुरात होती. त्यावर विवाहाची तारीख ऑगस्टमधली आणि ठिकाण शहरातल्या एका इमारतीचा दुसरा मजला असे होते. म्हणजे मांडवात झालेल्या लग्नाची नोंद झालीच नाही. कधीही न झालेले एक दुसरेच लग्न कागदावर उभे राहिले. लग्नपत्रिका मे महिन्याची आणि प्रमाणपत्र ऑगस्टचे, अशी विसंगत कागदपत्रे व्हिसा अधिकाऱ्यासमोर गेली असती, तर खऱ्या लग्नावरच संशय आला असता. उद्या वारसा किंवा निवृत्तिवेतनाचा प्रश्न आला, तरी हीच तफावत कोणीही पुढे करू शकेल.

अखेर मुलाच्या गावच्या ग्रामपंचायतीत, जिथे ग्रामसेवकच (आताचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) विवाह निबंधक असतात, खऱ्या तारखेचे ज्ञापन, म्हणजे नोंदणीचा अर्ज, दाखल केले. लग्नपत्रिका, विधींचे छायाचित्र, वयाचे व रहिवासाचे पुरावे, तीन साक्षीदार आणि गुरुजींची सही एवढ्यावर नोंद झाली, आणि विलंब शुल्क धरूनही एकूण खर्च एजंटाच्या रकमेपुढे नगण्य होता. पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीविषयीच्या कलम ३१८ चा उल्लेख करून तक्रार अर्ज दिला आहे; पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत.

असा कागद ज्यांच्या हाती आधीच पडला असेल, त्यांनी तो फाडून टाकू नये, कारण तक्रारीत तोच पुरावा ठरतो. मात्र निबंधकाकडे अर्ज करताना किंवा दूतावासात तो चुकूनही जोडू नये आणि अर्जात तारीख व ठिकाण प्रत्यक्ष लग्नाचेच लिहावे.