पॅरिसच्या जुन्या बाजारातला अत्तरसंच : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पॅरिसला लागून असलेल्या सँ-तुआँच्या जुन्या बाजारातून घेतलेला हा संच आठ महिने माझ्या वापरात आहे. सोन्याचा मुलामा दिलेली कांस्याची बैठक, तिच्यात पैलू पाडलेल्या स्फटिक काचेच्या दोन कुप्या आणि मधोमध उचलायची कडी, एवढाच त्याचा पसारा.

विक्रेत्याने तो फ्रान्सचा राजा दहावा शार्ल याच्या कारकिर्दीतला, म्हणजे १८२४ ते १८३० मधला, असल्याचे सांगितले होते. मला आता ते पटत नाही. त्या काळी सोने पाऱ्यात कालवून कांस्यावर लावत आणि तापवून पारा उडवून देत (त्या वाफांनी मुलामेकऱ्यांच्या प्रकृतीची धूळधाण होई). तो थर जाड आणि टिकाऊ असतो. माझ्या संचावरचा मुलामा पातळ आणि सगळीकडे एकसारखा असून, कडीखाली जिथे बोट टेकते तिथे तांबूस धातू डोकावू लागला आहे. विजेने मुलामा देण्याची रीत १८४० नंतर रुळली, त्यामुळे एकतर संच नंतरचा असावा किंवा त्याला पुन्हा मुलामा दिलेला असावा. किंमत मात्र मी दहाव्या शार्लची मोजली.

काचेबद्दल तक्रार नाही. गोंधळ माझाच झाला. धुतल्यावर मी दोन्ही बुचे अदलाबदल करून बसवली. दिसायला ती जुळी, पण प्रत्येक बूच आपापल्या कुपीच्या तोंडात घासून बसवलेले असते. एकीतले ओडिकोलन पंधरवड्यात निम्म्यावर आले, तेव्हा भिंगातून पाहिले, तर बुचाच्या दांड्यावर आणि कुपीच्या कडेवर बारीक कोरलेले आकडे निघाले. आकडे जुळवून लावल्यावर गळती पुष्कळ कमी झाली. तरीही मी आता थोडेच भरतो, कारण स्फटिक काचेत शिसे असते आणि द्रव महिनोन्महिने साठवण्यासाठी ती योग्य नव्हे. आईने पाठवलेले मोगऱ्याचे अत्तर तेलकट असल्याने उडत नाही, परंतु बुचाला चिकटते, म्हणून दर आठवड्याला पुसावे लागते.

घरचे देव चिंचेने लखलखीत करण्याची सवय इथे आवरावी लागली, कारण आंबट लागले तर उरलासुरला मुलामाही जायचा. मऊ कोरडे फडके पुरते, आणि संच मी कडीने न उचलता बैठकीखाली हात घालून उचलतो.